निळ्याखालचे गाव

पुरात थोरल्या भावाचे गाव बुडाले. भाऊ सापडला नाही. कचेरीच्या नकाशात त्या गावाच्या लाल ठिपक्यावर मीच नदीचा निळा रंग दिला.

सकाळी ठिपका निळ्यावर आला होता.

तीनदा निळे फासले. तीनदा तो वर आला.

"ग्यु-हान, उद्या नकाशा राजधानीला, हानयांगला जायचाय!" मला नकाशे काढायला शिकवणारे थाक गुरुजी ओरडले. "राजाचे अधिकारी त्या गावाला काय पोहत जातील?"

मी कागदाला नाक लावले. वहिनीच्या सोयाबीनच्या रश्श्याचा वास आला.

रस्तेही आम्ही लालच काढतो. ठिपक्यापासून बोटभर रस्ता काढला आणि जेवायला गेलो.

परतलो, तर ओला लाल रस्ता नकाशातल्या आमच्या कचेरीपर्यंत पोचला होता. गुरुजींनी हळूच गुडघे टेकले.

दाराबाहेरच्या दगडावर कुणीतरी ओले जोडे काढून ठेवले.