सिंगापुरातला हीटर

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लांबची आहे, सिंगापूरची. पण माणसं आपल्याच घरातली वाटतील.

डिसेंबरची झड लागली होती. उबी भागातल्या एका गॅरेजात उल्काची गाडी उभी होती आणि पुढच्या सीटवर तिचे सासरे मनोहरराव दोन शाली पांघरून कुडकुडत होते. नुकतंच डायलिसिस उरकून आलेले. त्यानंतर त्यांच्या अंगात अशी थंडी भरायची की दातावर दात आपटायचे. टॅक्सीत एसीचा गारठा. काच धुरकट होते म्हणून ड्रायव्हर तो बंद करायचा नाही. म्हणून तर उल्काने शोधशोधून हीटर असलेली ही जुनी जपानी गाडी घेतली. आणि नेमका तिच्या हीटरचा पंखाच बंद! पंख्याचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर जळला. नवा घातला, तोही जळला. आज ती एका हाताने काच पुसत इथवर आली होती.

"उल्का, परवा मला नेऊ नकोस," मनोहरराव म्हणाले. "परवा नको, पुढेही नको. पुरे झालं आता."

"बाबा, डायलिसिस चुकवून कसं चालेल?"

"चालेल तितके दिवस चालेल."

बाबा रागाने बोलले असते तर तिने भांडून घेतलं असतं. पण ते अगदी शांतपणे बोलले होते.

गॅरेजवाले सेंग अंकल हसत आले. "सिंगापूरमध्ये हीटर? व्हॉट फॉर, लाह?" तिकडे वाक्याच्या शेवटी असं 'लाह' लावतात.

उल्काने पुढच्या सीटकडे बोट केलं. अंकलनी पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. सत्तरीचा तो माणूस टॉर्च घेऊन मनोहररावांच्या पायांशी उताणा शिरला. फ्यूज शाबूत होता. करंट येत होता. कंट्रोलर काढला, तो करपलेला. उल्काला वाटलं, आता नवा बसवतील आणि सुटलो. पण अंकलनी नवा बाजूला ठेवला, आत हात घातला आणि पंखा बोटाने फिरवून पाहिला. अर्धा फेरा घेऊन तो थांबला.

"दिस वन नॉट सिक," करपलेला कंट्रोलर दाखवत ते म्हणाले. "दिस वन टायर्ड." पंखाच जड झालाय, त्याला ओढता ओढता हा बिचारा जळतो.

त्यांनी तीन स्क्रू काढून मोटर बाहेर घेतली. तिच्या दांड्याला काळपट, पिळलेलं काहीतरी गुंडाळलेलं होतं. उलगडत गेले तसं ते वीतभर लांब झालं.

कापूस.

मनोहररावांनी मान खाली घातली. डायलिसिसला जाताना वाटभर ते मांडीवर वाती वळत. ते राहत त्या पुंगोल भागातल्या दहा घरांत त्यांच्याच वाती जात. पायापाशीच पंख्याचं तोंड, गाडीतली हवा आत ओढणारं. उडणारा कापूस तिथूनच आत गेला होता.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "दोन्ही वेळा मीच जाळला. बघ, म्हणून म्हणतो, सोड माझा नाद."

उल्काने अंकलना एवढंच सांगितलं, की हा देवापुढच्या दिव्यासाठीचा कापूस आहे, बाबा त्याच्या वाती वळतात.

अंकलनी तो कचऱ्यात टाकला नाही. फळीवर स्वच्छ कागद पसरून त्यावर ठेवला. मग आत जाऊन ते मासे धरायची छोटी हिरवी जाळी घेऊन आले. ती कापली आणि पंख्याच्या तोंडावर ताणून बसवली. मोटरला तेलाचा थेंब देऊन ती परत बसवली, नवा कंट्रोलर लावला. आणि उल्काकडे न पाहता थेट मनोहररावांना म्हणाले, "अंकल, यू मेक. डोन्ट स्टॉप. नेट विल कॅच."

"हा मला अंकल म्हणतो!" मनोहरराव पुटपुटले. "माझ्याच वयाचा असेल."

उल्काने इंजिन सुरू केलं, बटण एकवर नेलं. पंखा हलकेच फिरू लागला. ऊब आली. मनोहररावांनी शालीतून दोन्ही हात काढून त्या झोतासमोर धरले. हळूहळू दातांचा आवाज थांबला. उल्का दार धरून उभी होती.

मग मनोहररावच म्हणाले, "परवा साडेसहालाच निघू. मागच्या वेळी तुझ्यामुळे उशीर झाला."

"माझ्यामुळे? बाबा, चष्मा कोण शोधत बसलं होतं?" असं म्हणताना उल्काला हसूही आलं आणि रडूही.

तर मंडळी, उद्या सकाळी हात जोडून आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत एक नाव वाढवा. नुसतं सेंग अंकल म्हणा. पूर्ण नाव मलाही ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे.