यादीतली चटई

“यादीत नाव आहे म्हणजे पोरगं वर्गात आहे, असं नसतं. हाक मारून बघायची,” असं तिच्या कंपनीतले सर तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. तिने हसून मान डोलावली आणि सोडून दिलं.

कंपनी घरात लक्ष ठेवणारी यंत्रं बनवायची. यंत्र चालू झालं की सगळ्यात आधी त्यातला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला डोळे नसतात. कॅमेरा कुठल्या तारेवर, तापमापक कुठे, हे त्याला एका यादीत लिहून द्यावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. यादीत आहे ते जोडलेलं आहे, असं तो बिचारा धरून चालतो.

आता ती बाळंतपणाच्या रजेवर होती. ठमी नऊ आठवड्यांची. पाळण्याजवळचं यंत्र सरांनीच पाठवलेलं, नवऱ्याने स्वतः लावलेलं. पाळण्यातल्या गादीखालच्या सेन्सरच्या चटईवर श्वास टिपला जायचा आणि तिच्या फोनवर हिरवा ठिपका दिसायचा. त्या ठिपक्याच्या भरवशावर ती डोळे मिटायची. तेही फार नाही.

घर तसं सुरळीत होतं. नवरा घरूनच काम करायचा. ती पाण्यासाठी उठली की नेमकी त्यालाही तहान लागायची. गॅलरीतली खुर्ची त्याने आत आणली, उन्हाने खराब होते म्हणून. औषधांचा डबा माळ्यावर गेला, ठमी रांगायला लागेल म्हणून. “अहो, तिला अजून मान धरता येत नाही!” ती म्हणाली होती. आईचा रोज फोन यायचा. आधी “तू काय करतेयस?” आणि मग ठमीची चौकशी.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती आपल्या पलंगावर बसून ठमीला पाजत होती. सहज फोनकडे लक्ष गेलं. ठिपका हिरवा.

पाळणा रिकामा होता.

“अहो, इकडे या! चटई खोटं बोलतेय!”

नवरा दारात आला. “बिघडली असेल. मी सरांना सांगतो. तू नको हात लावूस.”

“मी नको? माझं कामच आहे ते!”

“तू जेवलीस का?”

“विषय बदलू नका. पोरीचा जीव त्या चटईवर आहे.”

त्याने पिशवी घेतली. “ब्रेड संपलाय, घेऊन येतो,” म्हणाला. “पलंगावरच बस हं. आराम कर.”

दार लागलं. तिने ठमीला पाळण्यात ठेवलं, लॅपटॉप काढला, यंत्राला वायर जोडली आणि ते बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली. तीन, दोन... तिने बटण दाबून बूटलोडरला तिथेच थांबवलं.

यादी समोर आली. कॅमेरा, माईक, तापमापक, पाळण्याची चटई. या वेळी तिने नुसती वाचली नाही. एकेकाला हाक मारली. कॅमेऱ्याने ओ दिली. माईकने दिली. तापमापकानेही. चटई गप्प.

महिनाभर ती कुणाच्या भरवशावर झोपत होती?

मग तिने तारेवरच्या एकूण एक पत्त्यावर हाक मारत जायचं ठरवलं, चाळीतली सगळी दारं ठोठावावीत तशी. पुष्कळ दारं बंद. एका दारातून मात्र उत्तर आलं. तीही चटईच होती. पत्ता वेगळा.

तिने कंपनीच्या सर्व्हरवरून या यंत्राचा कोड उघडला. सरांना सवय होती, प्रत्येक नोंदीवर एक ओळ लिहून ठेवायची. पाळण्याच्या चटईवर लिहिलं होतं: ‘बंद ठेवली आहे.’ खाली नवी नोंद होती. ‘चटई दुसरी. वजन चाळीस ते नव्वद किलो. उठल्यास पुढील क्रमांकावर निरोप.’

क्रमांक नवऱ्याचा होता.

ठमी साडेचार किलोची होती.

ती जमिनीवर गुडघे टेकून यंत्रामागची वायर चाचपत निघाली. पाळण्याच्या पायाजवळून वायर वळली, मोठ्या पलंगाखाली शिरली आणि भिंतीच्या बाजूने वर गेली. तिच्या उशीच्या बाजूला.

दार धाडकन उघडलं. नवरा धापा टाकत उभा होता. हातात फोन, ब्रेड नाही, एका पायात चप्पल. पाळण्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. “तू बरी आहेस ना?”

तुमच्या ओळखीत कुणाकडे बाळ आलं असेल तर जाऊन या. बाळाला बघायला सगळेच जातात. तुम्ही त्याच्या आईला हाक मारून बघा.