काचेच्या शेगडीवर मटका

रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला की खाली एक बाई बसल्यात, मुलाला भेटायचंय म्हणतात, आणि त्यांच्याजवळ मटका आहे. चेतन तसाच खाली धावला. मैनाबाई गुबगुबीत सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मटका, पायाशी कणकेचा डबा. रविवारची सकाळ होती आणि चेतनचं बंगलोरचं विमान रात्री होतं.

आठवडाभर तो कंपनीच्या कामासाठी मिहानमधल्या ऑफिसात येत-जात होता. मिहानहून बेसा जवळ, धरमपेठ लांब. तरी बेस्यातलं आईवडिलांचं घर सोडून तो धरमपेठेतल्या या हॉटेलात उतरला होता, जिथे खोलीबरोबर छोटंसं स्वयंपाकघरही मिळतं. कारण दिवाळीत तो बोलून गेला होता की या घरात झोप येत नाही, यापेक्षा हॉटेल परवडलं. त्यावर वडील, देवराव, म्हणाले होते, मग तिथंच राहत जा. बाप शेर, तर लेक सव्वाशेर. जे बोलणं दोघांनी विसरायचं, ते दोघांनी पाठ करून ठेवलं.

खोलीत शिरल्यावर चेतनने भिंतीतल्या खाचेत कार्ड सरकवलं, तसे दिवे लागले, एसी सुरू झाला. कार्ड काढलं की सगळं बंद, हे त्याने आईला समजावून सांगितलं. मैनाबाईंनी सगळं पाहून घेतलं. दोन ताटल्या, दोन वाट्या, दोन चमचे. मग गादी हाताने दाबून पाहिली.

"झोप लागते नं इथं?"

"लागते," चेतन म्हणाला.

त्या ओट्याकडे वळल्या. बेत लांब पोळीचा होता. सैल कणकेची पोळी हातावर झुलवत पार कोपरापर्यंत लांबवायची आणि तापलेल्या पालथ्या मटक्यावर टाकायची. लहानपणी चेतन मटक्याशेजारून हलत नसे. हॉटेलात मटका कुठला मिळायला, म्हणून मैनाबाई घरचा घेऊन आल्या होत्या. गॅस तेवढा असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. ओट्यावर काळ्या काचेची शेगडी होती. तिच्यावर त्यांनी मटका पालथा घातला, चेतनने बटण दाबलं, आणि शेगडी टुंई टुंई करून बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

चेतन म्हणाला, हिला लोखंडाचं भांडं लागतं. मातीचं ठेवलं तर काही ठेवलंय हेच तिला कळत नाही.

"असं काहून?" मैनाबाईंनी काचेवर तळहात ठेवून पाहिला. काच थंड होती.

त्या खुर्चीवर बसून राहिल्या. ऑटोतला प्रत्येक गचका त्यांनी आपल्या अंगावर घेतला होता, मटक्याला लागू दिला नव्हता. चेतन म्हणाला, मी जेवण मागवतो, सावजीचं मागवू, तू म्हणशील ते. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. जेवण कुठेही मिळतं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण पोरगा आठवडाभर गावात राहून घरचा घास न खाताच रात्री उडून जाणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून चेतनने डबा उघडला. कणीक बोटाने उचलली तर ती लांबत गेली, पण तुटेना. अगदी हवी तशी झाली होती. अशी कणीक परातीत किती वेळ आपटावी लागते, खांदे कसे भरून येतात, ते त्याने घरात पाहिलेलं होतं. त्याने आईच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. तिथे पट्टी होती. फोनवर ती म्हणाली होती, जरासं लचकलं. मघापासून ती सगळं डाव्या हाताने करते आहे, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

"कणीक कोणं आपटली वं?"

मैनाबाई पदर सारखा करत राहिल्या. "सांगू नोको म्हणलं मले."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पहिली कणीक घट्ट झाली, ती गाईला गेली. दुसरी करताना देवराव कुरकुरले की यापेक्षा नऊवारी पातळ विणणं सोपं. जन्मभर हातमाग चालवलेला माणूस, कणकेला कधी बोट लावलं नव्हतं. दिवाळीपासून डोक्यात राख घालून बसला होता आणि आज सकाळी कोपरापर्यंत कणकेने माखला होता. चेतनला हसू आलं.

"अजून काही म्हणले?"

"म्हणले, संध्याकाळपावतर टिकते कणीक. मंग आंबते."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. चेतनने घड्याळ पाहिलं. मग त्याने डब्याला झाकण लावलं, मटका सरळ करून लुगड्यात गुंडाळला आणि कडेवर घेतला. गुंडाळताना मटक्याच्या तोंडाची काजळी इस्त्रीच्या शर्टाला लागली. बॅग भरलेलीच होती, ती दुसऱ्या हातात उचलली. जाता जाता त्याने भिंतीतलं कार्ड काढलं. दिवे गेले, एसी थांबला.

दारात त्याची पावलं अडली.

"आई, मले इथंही झोप नाही लागली. एक दिवस नाही."

मैनाबाईंनी डबा काखेत नीट धरला.

"मले काय सांगून राहिला गा? तुया बाबाले सांग."