चौथा मजला

पेनांगला दोन दिवस जायचं ठरलं आणि सिऊ लान समुद्रकाठच्या हॉटेलांची नावं फोनवरून मोठ्याने वाचू लागली. एका जुन्या हॉटेलापाशी अडली. “इथे एकच खोली आहे, तीही चौथ्या मजल्यावर. जाऊ दे.” चिनी बोलीत ‘चार’ आणि ‘मरण’ सारखेच ऐकू येतात, म्हणून चार म्हणजे मरणाचा आकडा; नंबरात चार आला म्हणून सासूबाईंनी नवी गाडी परत पाठवली होती. “तीच घे,” सासऱ्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावता लावता सासूबाई म्हणाल्या. “आई, चौथा मजला!” “ऐकलं गं. लग्नानंतर तिथेच उतरलो होतो. तेव्हाही तेवढीच खोली उरली होती. हे म्हणाले, तिसरा मजला आहे.” “आणि तुम्हाला पटलं?” “मला काय जिने मोजता येत नव्हते?” “मग बोलला का नाहीत?” “म्हटलं, बघू तरी.” सासूबाई फोटोकडे पाहून हसल्या. “मी मेली ढाराढूर झोपले. हेच रात्रभर माझा हात धरून जागे!”