रिकाम्या चौकटी

अनुजाने कोडची एक ओळ चालवली आणि नायगावची निम्मी चाळ पंगतीतून उठवली.

चाळ आता नव्या टॉवरमध्ये राहायला आली होती. तिथली ही पहिलीच सत्यनारायणाची महापूजा. जेवणाचा आकडा काढायचं काम समितीने अनुजाकडे दिलं होतं, मुलगी ऑफिसात दिवसभर आकड्यांचंच करते म्हणून. तिनेही हौसेने सगळ्यांच्या फोनवर एक तक्ता धाडला: घर कोणाचं, घरात माणसं किती, त्यातली जेवायला येणार किती. शेवटचा रकाना निम्म्या घरांनी कोराच ठेवला. त्या ओळी गाळून पाहिल्या, तर पंगतच अर्धी झाली. मग तिने त्या गाळण्याऐवजी भरल्या. कोऱ्या चौकटीत, आकडा भरलेल्या घरांची सरासरी. घरटी दीड माणूस.

आचारी हितेंद्रला संध्याकाळपर्यंत आकडा हवा होता. जुन्या चाळीत पंगतीला कधी काही कमी पडलं नव्हतं. ते पहिल्यांदा आपल्या हातून घडलं, तर लिफ्टमध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे अनुजाला पक्कं ठाऊक होतं. फोन हातात घेऊनही तिचं मन धजेना.

तिने नुसत्या कोऱ्या ओळी समोर घेतल्या. शेजारच्या गंगुबाई. तळमजल्यावरचे लवूमामा. पूजेला बसणार होते ते तात्या, म्हणजे खुद्द यजमानच. आणि सगळ्यांत खाली तिचं स्वतःचं घर.

"आई, आपल्याकडून जेवायला किती, ते भरलं नाहीस?"

आई नारळ खवत होती. "आपल्याच घरच्या कार्याला आपण जेवणार, हे कोण लिहून देतं गो?"

अनुजाला आधी हसू फुटलं, मग डोक्यात लख्ख उजाडलं. आकडा लिहिला होता तो ज्यांचं नक्की नव्हतं त्यांनी; नव्या भाडेकरूंनी, त्या दिवशी ड्युटी असलेल्यांनी. ज्यांचं नक्की होतं त्यांना हा प्रश्न आपल्यासाठी आहे असं वाटलंच नव्हतं. आणि अनुजा काठावरच्यांची सरासरी घरच्यांच्या पानात वाढत बसली होती.

तिने सरासरी पुसली. कोऱ्या चौकटीत घरातली झाडून सगळी माणसं घातली, वर प्रत्येक घरामागे एक माहेरवाशीण आणि तिची पोरं. ऑफिसातल्या सौमित्रला फोनवर ही गंमत सांगितली, तर तो म्हणाला, अशी रीत त्याने कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही.

"पुस्तक नायगावात राहिलेलं नाही," अनुजा म्हणाली, आणि हितेंद्रला दुपटीहून मोठा आकडा कळवून मोकळी झाली.

पूजेच्या दिवशी कोऱ्या ओळी जेवायला आल्या. लेकी आल्या, जावई आले, जावयांचे मित्रही आले. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार यांच्यावर माणसं तुटून पडली. वाढणारी मंडळी आळीपाळीने बसून घेत होती. अनुजा मात्र पंगत उठली की पातेल्यात डोकावायची, आणि पुन्हा वाढायला धावायची.

शेवटची पंगत उठली. हितेंद्रने झाकणं काढून दाखवली. तळाशी थोडा भात होता, वाटीभर सांबार, चार वडे. अनुजाचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला ऑफिसातल्या कुठल्याच आकड्याने दिला नव्हता.

गंगुबाईंच्या कपाळावर मात्र आठी पडली. "उरलं कसं?" त्यांनी विचारलं. "कोण जेवायचं राहिलंय?"

मजल्यामजल्याने नावं घेतली गेली. लवूमामा जेवले होते, तात्या जेवले होते, भाडेकरूसुद्धा ढेकर देत होते. गंगुबाईंची नजर फिरत फिरत अनुजावर येऊन थांबली. त्यांनी तिच्या हातातली पळी काढून घेतली.

मग एकच पान मांडलं, आणि ते वाढायला सगळी चाळ रांगेत उभी राहिली.