लाल माठाचा वाफा

स्वप्नानं वाफ्यावरचं पोतं उचललं आणि ते तसंच परत खाली टाकावंसं वाटलं तिला. खाली मातीच दिसत नव्हती. एकमेकींच्या पाठीवर चढून गोगलगाई बसल्या होत्या. ओल्या, तपकिरी, सुपारीएवढ्या. काल संध्याकाळी उभ्या असलेल्या पालकाचे आता नुसते देठ उरले होते.

वैशाखातल्या पावसाचा नववा दिवस. ऊन नाहीच. गारा पडतील, कोवळी रोपं झोडपून निघतील, म्हणून तिनंच परवा घरातली पोती आणून वाफ्यांवर पांघरली होती.

तिनं मिठाच्या पाण्याची बादली जवळ ओढली आणि वेचायला बसली. काल चारही वाफ्यांत मिळून एकशे बारा निघाल्या होत्या. आज पहिल्याच पोत्याखाली शंभर झाल्या.

"साबू!"

अडीच वर्षांची संस्कृती परसदारातून कधी बाहेर आली, कळलंच नाही. साबुदाण्यासारखी पांढरी अंडी तिच्या चिमटीत होती. स्वप्नानं हातावर फटका दिला. अंडी पडली. पोर रडली नाही, नुसती तळव्याकडे बघत राहिली. फटका बसूनही तळवा लाल झाला नव्हता.

केजच्या डॉक्टरांनी कागदावर हिमोग्लोबिन 'सात' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. टॉनिक उलटून पडतं ना, मग पालेभाजी द्या, रोज द्या, महिन्यानं पुन्हा रक्त तपासू. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतात ते स्वप्ना आजूबाजूच्या शेतांत रोज बघत होती. म्हणून हे चार वाफे. इथं काही मारायचं नाही. पोरीनं खुडावं आणि तिथंच तोंडात घालावं.

सासू, साखराबाई, घमेलं कमरेला टेकवून आल्या.

"ऊठ. कोंडा कालवलाय. गूळ हाय, औषध हाय. चाटली की आडवी."

"आत्या, इथं नको. ही सगळं तोंडात घालती."

"मंग पोरीला धर. मला कावून आडवी येतीस?"

"मी वेचते ना हातानं."

"वेच की. तू शंभर वेच, बांधावरून दोनशे येत्यात. आन् पोती टाकून घरकुल कुनी दिलं त्यान्ला? सरपंचानं?"

 स्वप्नानं बाकीची पोती उचलली. मेथी गेली होती. चुका गेला होता. शेवटच्या वाफ्यात लाल माठ तेवढा शिल्लक होता, बोटभर उंचीचा, चार-चार पानांचा. ती खाली वाकली. पानांवरून चिकट, चकाकती रेघ गेली होती. ओली होती अजून.

"आत्या, हे टाकल्यावर भाजी कधी खाता येती?"

"पंधरा दिवस हात लावू न्हाई म्हनत्यात."

रक्त तपासायला अकरा दिवस राहिले होते.

"आणि नाही टाकलं तर?"

साखराबाईंनी घमेलं खाली ठेवलं. आवाज जरा उतरला त्यांचा. "उद्याच्याला काड्या, बाई. लई बगितलंय मी औंदा."

संस्कृती घमेल्याकडे निघाली होती. स्वप्नानं तिला काखेत उचललं, आत सोडलं आणि परसदाराला बाहेरून कडी घातली. आतली कडी पोरीला काढता येत होती.

मग तिनं हाताला कॅरीबॅग बांधली.

"द्या इकडं."

तिनं स्वतः टाकलं. माठाच्या दोन्ही बाजूंनी, कडेनं, कोपऱ्यांत, मुळांशी. कुठं जागा सोडली नाही. रिकामं घमेलं घेऊन साखराबाई शेळ्यांकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता दोन दिस उघाड मिळाली पायजे बग."

स्वप्नानं साबणानं हात धुतले. परत धुतले. तिसऱ्यांदा धुताना पत्र्यावर टपटप झालं.

बघता बघता जोर धरला. वाफ्यात तळं झालं. कोंडा वर आला, तरंगला, कडेवरून सांडला. परसाला उतार होता तो घराकडेच. तांबूस पाणी वाट काढत दाराकडे निघालं. गुळाचा वास सुटला.

तिनं खराटा घेतला आणि पाणी मागं लोटलं. ते खराट्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं आलं. तिनं परत लोटलं. चिखल केला, हातानं बांध घातला. बांध विरघळला.

दार पत्र्याचं होतं. खाली चार बोटं फट. त्या फटीतून दोन इवल्या मुठी बाहेर आल्या आणि उघडल्या, पाणी झेलायला.

"आत घे हात! संस्कृती, हात आत!"

हात हलले नाहीत. स्वप्नानं खराटा टाकला, दाराशी गुडघे टेकले, ते हात धरून आत ढकलले. गाऊनवरची ओढणी ओढून काढली, तिचा बोळा करून फटीत कोंबायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं.

आतून ओढणीला हिसका बसला. तिनं आणखी कोंबली. आतून आणखी जोरात ओढली गेली.

आईला खेळायला वेळ मिळाला म्हणून पोरगी खदाखदा हसत होती.