गद्दाराचा ढिगारा

"ही जकातीची चौकी. हिच्यापुढे परका मुलूख," वाटाड्या म्हणाला. काठी त्याने सरहद्दीकडे रोखली, नजर मात्र म्हातारीवर.

खिंडीची चढण चढून म्हातारीला धाप लागली होती. चाळिशी ओलांडलेला मुलगा तिचा दंड धरून उभा होता. बाकीचे वीसेकजण सहलीला आले होते. हे दोघं नव्हते.

लग्न होऊन ती सरहद्दीपलीकडून याच वाटेने इकडे आली होती. तेव्हा इथे बघण्यासारखं काही असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आता वाटाड्या घोड्यांचं टाकं दाखवत होता, तोफेने कान उडवलेला दगडी सिंह दाखवत होता, आणि लोक माना डोलवत होते.

जुन्या फाटकापाशी त्याला चेव चढला. "इथल्या पहारेकऱ्याने शत्रूला हे कवाड बाहेर ढकलून उघडून दिलं. आपली एकोणीस माणसं कापली गेली!"

"कवाड आत उघडतं," म्हातारी म्हणाली.

"बरोबर. नवऱ्याचे पराक्रम बायकोला ठाऊक नसतील तर कुणाला?"

सगळे गर्रकन वळले. एका बाईने आपली पोर जवळ ओढली. कुणीतरी पचकन थुंकलं.

पुढे दगडांचा ढिगारा होता. गोळी घालून पहारेकऱ्याला तिथेच पुरला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एक दगड मारायचा, असा रिवाज. मंडळींनी हौसेने दगड मारले. मुलगा दात आवळून बघत राहिला. याच बापापायी त्याची दोन लग्नं मोडली होती, नोकरी हुकली होती. दहा वर्षं त्याने कचेरीचे उंबरठे झिजवले. शेवटी चौकीच्या डॉक्टरांची वही सापडली. त्या दिवशी पहारेकरी तापाने फणफणला होता, त्याला उभंही राहवत नव्हतं, असं तीत लिहिलं होतं. आता बायकोच्या तोंडची साक्ष मिळाली की ढिगारा हटणार होता.

साक्ष लिहून घ्यायचा कागद वाटाड्याकडेच होता. कचेरीची कामंही तोच बघायचा. त्याने तो नाखुशीने उलगडला. ढिगारा गेला तर इथे कुत्रंही फिरकणार नव्हतं.

"बोला आजी. ताप होता?"

"सांग ना, आई," मुलगा म्हणाला.

"आणि त्याने नाही, तर मग उघडलं कुणी?" वाटाड्याने खवचटपणे विचारलं.

"ते मी हुडकून काढीन," मुलगा म्हणाला. "जिवंत असेल तर याच दगडांखाली गाडीन त्याला."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती वाकली, एक दगड उचलला आणि ढिगाऱ्यावर मारला.

"ताप नव्हता. त्यानेच उघडलं. घ्या लिहून."

मुलाने तिचा दंड सोडला. तो एकटाच उतरणीला लागला.

ताप होता. इतका, की तो तिला ओळखतही नव्हता. त्याचं पांघरूण सारखं करून तीच फाटकाशी गेली होती, तिनेच कवाड आत ओढलं होतं, आणि आत शिरलेल्या पहिल्या माणसाला तिने 'दादा' म्हणून हाक मारली होती.